बिनफोडणीचे पाच दिवस

जऊळक्याच्या रेणूनं तीन वर्षांच्या रीताला खांद्यावर टाकून तालुक्याचा सरकारी दवाखाना गाठला, तेव्हा पोरीच्या अंगावर गोवर फुलला होता आणि दर श्वासाला बरगड्यांमधलं कातडं आत ओढलं जात होतं. न्यूमोनिया झालाय, डॉक्टर म्हणाले. मागच्या अंगाला गोवर-कांजण्यांची वेगळी खोली होती. तिथं रीताच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली.

त्या खोलीत राज्य दुर्गाबाईंचं. बावीस वर्षं त्या तिथली फरशी पुसत, चादरी उकळत आणि नातेवाइकांना रागे भरत आल्या होत्या.

दुपारी शेजारच्या स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि रेणू ताडकन उठली. गोवर म्हणजे माता, ती घरात आलेली असताना कढईत तेल तडतडू द्यायचं नसतं, हे तिला सासूनं शिकवलेलं. ती नळी काढू लागली.

"काय करून राह्यली वं?" दुर्गाबाईंनी तिचा हात धरला.

"घरी नेतो पोरीले. तुमी इथं फोडण्या देता. माता कोपली तं?"

"नळी काढशील तं फाट्यापर्यंतबी पोचनार नाही पोरगी!"

रेणू ऐकेना. दुर्गाबाई बौद्ध. मातेच्या कोपावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण वाद घालत बसायला पोरीजवळ वेळ कुठं होता? त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. त्यांचा आवाज भिंतीपलीकडून रेणूला ऐकू आला.

"जमनाबाई, पाच दिवस फोडणी बंद!"

"आन् बाकीचे पेशंट बोंबलले तं?"

"माह्या नावानं बोंबलू दे. बिनफोडणीचं वरण खाऊन कोनी मेलं नाही."

संध्याकाळी त्या दोन ताटं घेऊन आल्या आणि रेणूशेजारी फतकल मारून बसल्या. "खाय. मीबी हेच खाऊन राह्यली."

रेणूनं ताट पुढं ओढलं. तिच्या शब्दाखातर आजवर कुणी चूलसुद्धा हलवली नव्हती, इथं तर अख्ख्या दवाखान्याचं वरण बदललं होतं. नळीला तिनं पुन्हा हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी नळी निघाली आणि रीतानं पहिली मागणी केली, भज्यांची. दुर्गाबाई पोट धरून हसल्या.

निघताना रेणू पाया पडायला वाकली. दुर्गाबाई मागं सरकल्या.

"पाया नको पडू. लसीचा डोस काहून हुकला हे सांग."

"ऊसतोडीले गेलतो, मावशी."

"मंग आता कवा आनतं?"

"तुमी दिवस सांगा. तोडीची गाडी दारात उभी राह्यली तरी आधी इथं येतो."