थाळ्याबाहेरची ताटली

सुरतेच्या डॉक्टरांनी माझं अर्ध्याहून जास्त जठर कापून काढलं, तेव्हा माझं बाविसावं वर्ष सरलं नव्हतं. पोटात अल्सर होता आणि तो फुटायच्या बेतात आला होता. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलत. वॉर्डात त्यांना उत्तर देणारी मी एकटीच होते, याचा त्यांना आनंद झालेला दिसे. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. वडील रेल्वेत होते म्हणून तसं झालं, आणि नंतर लग्न झालं ते तापीकाठच्या शेतकरी घरात. यजमान खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभे असत. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना परतीच्या गाडीत, खिडकीकडे बघत सांगितलं. दर दोन-अडीच तासांनी थोडंसं खायचं. गोड खायचं नाही. जेवताना पाणी प्यायचं नाही. खाल्लं की थोडा वेळ आडवं व्हायचं.

"सांगतो घरी," ते म्हणाले. त्यांनी सांगितलंही. मी खोटं कशाला बोलू.

पण हे चार नियम ज्यांनी सांगितले, त्यांनी आमचं स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे पुरुष आधी ओसरीवर जेवत. ते उठले, हात धुऊन शेताकडे गेले, की आम्ही बायका आत काशाच्या एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसत असू. सासूबाई, म्हणजे साऱ्या घराच्या जिजी, माझी धाकटी नणंद आणि मी. दादर ज्वारीची भाकरी, मधोमध वांग्याची भाजी, कडेला मिरची. कोण किती खातं ते सगळ्यांना दिसतं. कोण आधी उठतं तेही. आणि जेवून आडवं होणारी सून आमच्या गावात तोवर कुणी पाहिली नव्हती.

पहिले काही दिवस मला माफी होती. मग एका सकाळी मी चुलीपाशी अर्धी भाकरी ताकात कुस्करून खात होते आणि जिजी आत आल्या.

"माणसं आजून जेवना नहीत, नि हाई बठनी खावाले!"

त्या माझ्याशी नाही, भिंतीशी बोलल्या. मी वाटी खाली ठेवली. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की तोंडात घास असताना बोलू नये. त्याचा तेवढा उपयोग झाला.

यजमानांनी मग मधला तोडगा काढला. नंदुरबारच्या बाजारातून ते माझ्यासाठी एक छोटी पितळेची ताटली घेऊन आले, उभ्या काठाची, कल्हई केलेली. तिच्यात माझं वेगळं काढून ठेवायचं आणि मी सोयीनं खायचं. जिजींनी ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली आणि फडताळाच्या टोकाला ठेवली, थाळ्यापासून लांब.

ती ताटली मला आवडे, हे मी कुणाला सांगितलं नाही. पुरुषांच्या आधी खाल्लेलं जिजींना अजूनही खपत नसे, म्हणून कापूस साठवायच्या खोलीत मी ती घेऊन बसे. नणंद दाराशी उभी राहून अंगणावर लक्ष ठेवी. तिला ही चोरी फार गमतीची वाटे.

"खाय, भाभी, खाय. जिजी गोठामा शे."

मी खाई आणि मग सरकीच्या पोत्याला टेकून डोळे मिटून पडे. पुढच्या दोन वर्षांत माझ्या अंगावर थोडं मांस धरलं. बांगड्या मनगटात थांबू लागल्या. आयुष्यातलं माझं सगळ्यात बरं जेवण सरकीच्या वासात झालं आहे.

नणंदेचं लग्नाचं वय झालं. शहाद्याकडच्या एका घरातून बोलणं आलं. घर चांगलं, केळीची बाग, मुलगा शाळेत मास्तर. त्यांच्याकडची एक आत्या आधी सहज म्हणून येऊन गेली. बायकांच्या पंगतीला मी माझ्या ताटलीत घेऊन बाजूला बसले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे, मग जिजींकडे.

"तुमनी सूनले खोकला शे का वं?"

"नही वं बहीन. पोटनं ऑपरेशन व्हयेल शे."

"मंग ताट काबर येगळं?"

जिजींनी पुन्हा ऑपरेशनचं सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही. त्या काळी आमच्याकडे माणसाचं ताट वेगळं काढलं म्हणजे त्याला क्षय झाला. दुसरं कारणच कुणाला ठाऊक नव्हतं. मी हाडकुळी, जेवण थोडं, खाऊन आडवी होणारी. आत्याबाईंचा हिशेब अगदी बरोबर जुळला. पुढच्या आठवड्यात निरोप आला की मुलगी पसंत आहे, पण घरात क्षय आहे असं कळतं.

जिजी त्या दिवशी जेवल्या नाहीत. नणंद कापसाच्या खोलीत गेली आणि माझ्या पोत्याला टेकून रडली. मी दाराशी उभी होते. अंगणावर लक्ष ठेवायचं काही कारण नव्हतं.

यजमानांनी सुरतेच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवू म्हटलं. जिजी म्हणाल्या की इंग्रजी कागद मुलगा वाचेलही, पण बायका ताट बघतात. मग त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. माझ्या इतक्या जवळ त्या कधी बसल्या नव्हत्या.

"मन्ही पोरनं लगीन शे ना वं. एक डाव थाळामा बठ. त्यासना संगे. एक डाव."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला त्या घरच्या बायकांना बोलावणं गेलं. आखाजीचं जेवण म्हणजे खापरावरची पुरणाची पोळी आणि आमरस. सगळं गोड. माझ्या उरलेल्या पोटात गोड गेलं की काय होतं, हे घरात प्रत्येकानं पाहिलं होतं.

नणंद मला कानात म्हणाली, "तू फक्त बठ. मी जास्ती येऊ नही देसू."

आत्याबाई माझ्या शेजारीच बसल्या. हे आधीच ठरवून आल्या असणार. थाळ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं पोळी मोडली, रसात बुडवली आणि माझ्यासमोर सरकवली.

"खाय वं सूनबाई. लाजू नको."

मी खाल्ली. दुसरा तुकडा आला, तोही खाल्ला. समोर नणंद होती. ती खाली बघून आपला घास चिवडत होती. सगळ्यांची बोटं एकाच रसात बुडत होती आणि आत्याबाई माझ्या बोटांमागोमाग आपली बोटं बुडवत होत्या, जिजींना दिसेल असं. त्यात एक प्रकारचा मोठेपणा होता, हे मला तेव्हाही कळलं.

मग ते सुरू झालं. आधी कान गरम होतात. छाती धडधडू लागते, पोटात कुणीतरी पाणी ओतल्यासारखा आवाज होतो, आणि पाठीवरून घाम सुटतो. तोल जाऊ नये म्हणून मी डाव्या हातानं जमीन दाबून धरली. चेहऱ्यावरचा घाम पदरानं टिपला आणि हसले. वैशाख होता, घामाचं कुणाला नवल वाटलं नाही. पानसुपारी होऊन, कुंकू लागून, बैलगाडी वेशीबाहेर जाईपर्यंत मी खांबाला टेकून उभी होते. त्यानंतरचं मला आठवत नाही. गोठ्यामागे मी पडलेली सापडले असं नंतर कळलं.

लग्न ठरलं.

दोन दिवसांनी मी उठून बसले आणि फडताळाकडे गेले. ताटली नव्हती. जिजींनी ती नणंदेला लग्नात द्यायच्या भांड्यांत बांधली होती.

"देख, खादी ना पोळी तू? काई व्हयनं का? डॉक्टर लोके काईबी सांगतस."

गोठ्यामागून मला उचलून आणणाऱ्यांत त्याही होत्या. मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आता परत ताट वेगळं काढलं तर पुन्हा बोलणं होईल. लग्न तर होऊन जाऊ दे."

लग्न होऊन गेलं. मग नवं सासर आहे, तिला त्रास नको. मग तिचं पहिलं बाळंतपण. थाळ्यात बसायचं आणि पटकन उठायचं, हे मी शिकले. पदरात भाकरीचा तुकडा लपवून विहिरीवर न्यायचा, तेही. बांगड्या पुन्हा कोपरापर्यंत चढू लागल्या.

तीन वर्षांनी नणंद आखाजीला माहेरी आली, तब्येतीनं सुखी, कडेवर मुलगा. तिच्या पिशवीतून माझी ताटली निघाली. बाळासाठी ती बरी पडते म्हणाली. काठ उभे आहेत, सांडत नाही.

अजून पुरुषांची पानंही मांडली नव्हती. जिजींनी ताटलीत मऊ खिचडी कालवली, नातवाला चार घास भरवले आणि मांडीवर आडवा घेऊन थोपटू लागल्या.

"न्हानं पोट शे त्यानं," त्या माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाल्या. "घडी घडी लागस."

दुपारी आम्ही बायका थाळ्याभोवती बसलो. मी पोळी बाजूला सारलेली पाहून नणंदेनं ती मोडली, रसात बुडवली आणि माझ्यासमोर धरली.

"त्या दिन मन्हासाठे खादी ना तू? मंग आज काबर नही वं, भाभी?"

ती मनापासून विचारत होती. दाराशी उभी राहणारी ती मुलगी तिच्यात कुठे दिसते का, म्हणून मी क्षणभर बघितलं. मग डावा हात जमिनीवर टेकवला आणि तोंड उघडलं.