निंदणारीचं खुरपं

चोपड्याला आमच्या क्वार्टरच्या आवारात एक बाई निंदायला यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. खुरपं ती जमिनीत खुपसत नसे. आडवं धरून मातीखालून अलगद आपल्याकडे ओढायची, की गवत मुळासकट हातात. पाणी प्यायला उठली तरी आधी काडीने पातं साफ करणार.

एकदा ती भाकरी खात असताना मी त्याच खुरप्याने गुलाबाजवळचा दगड उचकटला. टोक वाकलं. मी ते गुपचूप जागेवर ठेवून दिलं.

परतल्यावर तिने पात्यावरून अंगठा फिरवला. म्हणाली, “मनाच हातथीन दगड लागना व्हई, ताई.”

दगड आपल्याच हातून लागला असेल असं धरून मग दिवसभर मनगट वाकडं करून ती निंदत राहिली. तिच्या चहात मी साखर जास्त घातली, पण दगडाचं काही बोलले नाही.