खरेंच टीचर

खरेंच टीचरना कोणाचंही बोलणं पहिल्या झटक्यात पटत नसे. शाळेची घंटा झाली तरी त्या आधी मनगटावरच्या घड्याळात बघायच्या, मगच वर्ग सोडायच्या. कोणी काही सांगितलं की चष्म्यावरून रोखून बघत कोकणीत विचारायच्या, "खरेंच?" पोरांनी त्यांचं तेच नाव पाडलं. दहावीला त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या.

पुस्तकावरही त्यांचा भरवसा नव्हता. पाणी शंभर अंशांना उकळतं असं आम्ही वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "छापलंय म्हणून खरं? छापणाराही माणूसच गो." आणि पाणी उकळायला ठेवलं. पारा अठ्ठ्याण्णवावर थांबला, तेव्हा त्यांनी थर्मामीटरवर संशय घेतला.

विजेची मोटार घरून करून आणायला त्यांनीच सांगितलं होतं. तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन सेफ्टी पिना, लोहचुंबक आणि एक सेल. बऱ्याच जणांची वेटोळी नुसती थरथरत होती. माझं गरगर फिरलं. टीचर वाकून बघत राहिल्या.

"कोणी केली?"

"मी, टीचर."

"खरेंच? तुझे बाबा मोटारी बांधतात ना?"

बाबा घाटावरचे, गडहिंग्लजकडचे. गोव्यात तुयेच्या कारखान्यात मोटारींना तार गुंडाळायचं काम करायचे. वर्ग माझ्याकडे वळून बघू लागला. हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारायच्या, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी वाटलं, आम्ही घाटी म्हणून हा संशय.

"उद्या माझ्यासमोर कर," त्या म्हणाल्या.

रात्री बाबा म्हणाले, "मी येऊन सांगू का त्यांना?" मी नको म्हटलं. बाबांचं तरी त्या कुठे ऐकणार होत्या?

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत, टीचरनी कपाटातून दिलेलं शाळेचंच सामान घेऊन मी वेटोळं केलं, टोकं ब्लेडने खरडली, पिनांवर ठेवलं. ढकललं, तरी ते फिरेना. मागे कोणीतरी हसलं.

"काल फिरत होतं, टीचर."

त्या स्टूल ओढून समोर बसल्या आणि वेटोळं डोळ्यांजवळ धरलं. "हे टोक अर्धंच का खरडलंस?"

"पूर्ण खरडलं तर अर्ध्या फेरीनंतर ओढ उलटी होते. मग ते अडकतं."

त्यांनी लोहचुंबकाला टाचण्या लावून बघितल्या. चिकटल्या. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल काढला आणि माझ्या मोटारीला लावला. वेटोळं फिरू लागलं.

कपाटातला सेल हातात धरून त्या वर्गाकडे वळल्या. "हा वेष्टनातून काढला म्हणून मी नवा धरला. संशय ह्याच्यावर घ्यायचा, तर मी पोरीवर घेतला. चूक माझी."

त्यावरही माझा विश्वास बसला नाही. वर्गासमोर बोलायचं म्हणून बोलल्या असतील, असंच मी धरून चालले. पुढे तालुक्याच्या प्रदर्शनात त्यांनी माझी मोटार नेली. एका परीक्षकाने हसत विचारलं, "घरी कोणी करून दिली, बाय?" मी तोंड उघडायच्या आत टीचर म्हणाल्या, "तिनेच केली. मी तपासलंय." परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. त्या दिवसापासून माझ्या मनातली अढी गेली.

आता मी डिचोलीत पाण्याचे नमुने तपासते. मुळगावहून, पाळीहून माणसं बाटल्या भरून आणतात. आमची विहीर स्वच्छ आहे, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. मी ऐकून घेते आणि तपासायला लागते. कोणी रागावतं. रागावू देते.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टीचर गेल्याचं कोणीतरी टाकलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी आधी त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बहिणीने उचलला. खरं का, मी विचारलं.

"हय गो बाय, सकाळीच गेली," ती म्हणाली.

मी हातातली बाटली खाली ठेवली, रजा सांगितली आणि टीचरच्या घरी जायला पेडण्याची बस पकडली.