पपईची ती ओळ मरायला हवी होती

मंडळी, द्वारका चौकातल्या सायबर कॅफेत बसलेय. टायपिंगच्या चुका पोटात घाला, डोकं ठिकाणावर नाही.

आठवतंय ना, पपईच्या रोपांची मर ट्रायकोडर्मानं थांबली, असं मी इथे फोटो टाकून सांगितलं होतं? रोगट बुरशीला खाणारी चांगली बुरशी आहे ती, मातीत मिसळा आणि औषधं बंद करा, म्हटलं होतं.

ते वाचून आज देवळ्याच्या एक ताई आमची नर्सरी बघायला आल्या. तुलनेसाठी मी एका ओळीत काहीच घातलं नव्हतं. तीही टवटवीत होती. मी आपलं म्हणत होते, तिथे वारा चांगला लागतो.

ताईंनी वाकून त्या ओळीतल्या एका रोपाच्या पिशवीची कड पुसली. बोट निळं झालं. मोरचूद! बुरशी मारायचं औषध!

मागे सासरे झारी घेऊन उभे.

"आप्पा, कधीपासून?"

"पयल्यापासून. रोपं मरताना बघवत नाय, अन् तुझं मनबी मोडायचं नव्हतं."

"मग या ओळीला कशाला?"

"तिनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

रोज संध्याकाळी हेच आप्पा म्हणायचे, "तुझ्या बुरशीनं कमाल केली हां!" मोरचुदानं ती बुरशी कधीच मेली असेल.

ताई जाताना एवढंच म्हणाल्या, "मी तर औषध बंद केलंय."

माझं वाचून अजून कोणी बंद केलं? खरं सांगा, तुमची रोपं उभी आहेत का?