लाल पापड

सहा लाटणी एकदम थांबली की खोली किती गप्प होते, ते काल कळलं. समोरची नवी सून मेघना दारातूनच म्हणाली होती, "आजी, माझी पाळी आहे. तरी बसू ना लाटायला?"

आमच्या गल्लीत उडदाचे पापड सगळ्या मिळून करतो. अशा दिवसांत बाईची सावली पडली तर पापड लाल होतात, हेही सगळ्या मिळूनच मानत आलो. तरुणपणी मी तर त्यातली फौजदारीणच. शेजारच्या सुमनला एकदा मी पाळी आहे म्हणून भर लाटण्यातून उठवलं. पापड तरीही लाल झाले, कारण पापडखार मीच दुप्पट घातला होता. सुमन पुन्हा कधी आमच्यात बसली नाही. हे आजवर लपवलं होतं, काल सांगून टाकलं.

कुणी हसलं नाही. सगळ्या कुसुमवहिनींकडे बघत होत्या; विटाळ त्या आजही कडक पाळतात. त्या उठल्या असत्या, तर निम्म्या जणी मागोमाग गेल्या असत्या. एकच गोष्ट मानतात म्हणून माणसं एकत्र बसतात, असं मला वाटायचं. ते खरं निघू नये, म्हणून मी श्वास रोखून होते.

वहिनींनी दोऱ्यानं एक लाटी कापली. "मला हे पाळीत बसणं पटत नाही," त्या म्हणाल्या, "पटेल असंही नाही." मग सरकून त्यांनी मेघनासाठी शेजारी जागा केली. "बस. आणि पातळ लाट, या आजीसारखे जाडे नकोत."