भर उपासनेत घेतलेलं नाव

राळेच्या धुराचा वास आला की मूल गावातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतला तो रविवार आठवतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या एका शेतकऱ्याने मला एकट्यालाच सांगितलं होतं, की लेकीचा ताप उतरेना म्हणून घाबरून त्याने गावदेवीपुढे राळ जाळली. मी भर उपासनेत त्याचं नाव घेऊन त्याच्यासाठी मोठ्याने क्षमा मागितली. ‘आमेन’ म्हणून डोळे उघडताच सगळे त्याच्याकडे पाहू लागले. लेकीला कडेवर घेत तो म्हणाला, “देवाले मी सांगतलोच होतो, भाऊ. तुले काऊन सांगतलो, मालूम? मले एकट्याले भेव वाटे.” तो पुन्हा आला नाही. मी प्रार्थनाच केली, चुगली नाही, असं स्वतःला बजावत आलो. पण त्या माना वळल्या तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं, हे देवाला सांगायला मला इतकी वर्षं लागली.