दोनदा एंटर

बायकोने पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवली, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "जग कुठे चाललंय आणि तुम्ही आपले रिव्हर्स गिअरमध्ये." निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं एकामागून एक उमटत होती, मुद्दाम सावकाश, कारण तो वेग मीच कमी करून ठेवला होता. मुलाने आदल्या दिवशी फोनवरून मला शहाणपण शिकवलं होतं, की बाबा, मोबाइलवर ग्रुप काढा, बसल्या जागी शंभर माणसं गोळा होतील. मला शंभर माणसं नको होती. मला एकच हवा होता आणि तो पिंपळगाव बसवंतला आपल्या घरात सगळ्यांकडे पाठ करून बसला होता.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधी आमच्या शहरात द्वारका चौकाजवळ माझे कॉम्प्युटर क्लास होते. संध्याकाळी मुलं घरी गेली की तिथल्या टेलिफोनला मोडेम जोडून मी एक बुलेटिन बोर्ड चालवायचो. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. बोर्ड म्हणजे एक कॉम्प्युटर, ज्याला दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फोन लावायचा. लागला तर आत जायचं, लोकांनी ठेवलेले निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा आणि बाहेर पडायचं. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी आत माणूसही एकच. एसटीडी बूथमध्ये कोणी असलं की बाकीच्यांनी बाहेर ताटकळायचं, तसंच.

आत आलेल्याला वाटलं तर एक कळ दाबून तो मला बोलावू शकायचा. माझ्याकडे घंटी वाजायची आणि आम्ही दोघं एकाच पडद्यावर लिहू लागायचो. आधी लिहायचं, वाचून बघायचं, मग पाठवायचं, अशी भानगड नव्हती. त्याने तिकडे अक्षर दाबलं की त्याच क्षणी ते इकडे दिसायचं. माणूस अडखळला तर अडखळताना दिसायचा, खोडायला लागला तर खोडताना दिसायचा. आम्हाला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

सगळ्यात जास्त घंटी वाजवायचा तो हा पिंपळगावचा मित्र. कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा. घरची द्राक्षं, पुढे त्याने स्वतःचं पॅकहाउस काढलं, म्हणजे द्राक्षं निवडून, घड छाटून पेट्यांत भरायची मोठी शेड. पण मूळचा धंदा बोलणं. त्याच्या तोंडाला पूर्णविराम ठाऊक नव्हता. आमच्या बोर्डाचा पहिला पडदाही त्यानेच काढलेला, कीबोर्डवरची इंग्रजी ओ अक्षरं रचून केलेला द्राक्षाचा घड. बोर्डावर येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो घड दिसायचा.

आता माझी खोड सांगतो. समोरचा बोलत असला की त्याचं वाक्य मीच पुरं करतो. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांचीही दोन-तीन वाक्यं मी पुरी केली होती. बोर्डावर दोघांनी एकदम लिहिलं की अक्षरांची खिचडी व्हायची, आणि ती नेहमी माझ्यामुळेच. शेवटी मित्राने कायदा केला. "आपलं बोलून झालं की दोनदा एंटर मारायचा. तवर दुसऱ्यानं कीबोर्डाला हात लावायचा नाय. लावला तर म्या लाइन तोडीन." आणि तोडायचाही. हीच पद्धत जगभरच्या बोर्डांवर होती हे मला नंतर कळलं, पण ती आपणच काढली असं तो छातीठोक सांगायचा आणि मी वाद घालत नसे.

मग इंटरनेट आलं, बोर्ड बंद पडला, काही वर्षांनी क्लासही. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. आमची दोस्ती मात्र फोनवर आणि एकमेकांना शिव्या देत चालू राहिली.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय पुष्कळसा वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी घरच्यांना नीट समजावलं होतं, की यांना सगळं कळतंय, शब्दही आत आहेत, फक्त ते बाहेर आणायचा रस्ता तुटलाय. रोज सराव करून घ्या आणि त्यांना वेळ द्या.

दिवाळीनंतर मी भेटायला गेलो. ओसरीत खुर्चीवर बसला होता, दाढी केलेली, अंगात स्वच्छ सदरा. मला बघून त्याचे डोळे हसले. तोंड उघडलं. "प…" म्हणाला आणि अडकला.

"पाणी देऊ?" वहिनींनी विचारलं.

"पंखा लावू का नाना?" त्याची सून म्हणाली.

"पॅकहाउस?" हा मी.

अंताक्षरीत अक्षर मिळावं तसे आम्ही त्या 'प'वर तुटून पडलो. सगळे मायेनेच. पण प्रत्येक शब्दाबरोबर त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. शेवटी त्याने डावा हात खुर्चीवर आपटला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. निघेपर्यंत त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याला काय म्हणायचं होतं ते मला अजून माहीत नाही.

नंतर मोबाइलवर त्याच्या नावाखाली कधीकधी 'टायपिंग' असं दिसायचं. मी सगळं सोडून बघत बसायचो. 'टायपिंग' जायचं, परत यायचं, परत जायचं. निरोप काही यायचा नाही. सुनेला विचारलं तर म्हणाली, "काका, ते डाव्या हातानं लिहित्यात आन् सगळं पुसून टाकत्यात. त्यांना मनासारखं येत नाय ना. आता तर मोबाइल हातातच घेत नाय. डॉक्टरांकडं सरावालाबी चला म्हणलं तर मान हलवत्यात." मग म्हणाली, "त्यांनी सोडूनच दिलं तर?"

मला खरंच भीती वाटली. ज्याने आयुष्यात कधी कुणाला शेवटचा शब्द मिळू दिला नाही, तो आता एकही शब्द न बोलता बसून राहणार होता. आणि रागही आला, त्या 'टायपिंग'चा. आत माणूस धडपडतोय एवढं ते सांगतं, आणि धडपड मात्र दाखवत नाही. आपल्या बोर्डावर हे झालं नसतं, असं मनात आलं आणि मी जेवता जेवता उठलो.

शोधल्यावर थक्क झालो. जगात माझ्यासारखे रिकामटेकडे भरपूर निघाले. जुने बोर्ड कुणी कुणी जपून ठेवलेत, इंटरनेटवरून चालवतात, सॉफ्टवेअर फुकट देतात, कुठल्या कुठल्या देशांतले लोक तिथे येऊन अजून निरोप ठेवतात. मोडेम नाही, टेलिफोन नाही, पण आत पाऊल टाकलं की तोच निळा पडदा आणि तीच अक्षराची वाट बघत लुकलुकणारी चौकट. जे मेलं म्हणून मी सोडून दिलं होतं ते इतकी वर्षं कुठेतरी श्वास घेत होतं. मी घरच्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर बोर्ड उभा केला. आत एका वेळी एकच माणूस, हा नियम ठेवला. द्राक्षाचा घड आठवून आठवून पुन्हा रचला. सुनेने त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर जोडणी करून घेतली. तिला एवढंच सांगितलं, की नानांना समोर बसव, दार लोटून घे आणि कुणालाही आत सोडू नकोस, तू पण जाऊ नकोस.

दुपारची जेवणं झाली होती. मी पडद्यासमोर बसलो. बराच वेळ काही नाही. आणि मग घंटी वाजली.

मला बोलवायची कळ कुठली हे मी त्याला सांगितलं नव्हतं. ती त्याच्या बोटांच्या लक्षात होती.

मी लिहिलं, "आलास का." दोनदा एंटर मारला. आता पाळी त्याची.

बोर्डावर आम्ही तेव्हासारखीच इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होतो, इथे मी ती आपल्या लिपीत देतो. चौकट लुकलुकत राहिली. मग एक अक्षर आलं. खोडलं गेलं. दुसरं आलं, राहिलं, त्याच्यापुढे तिसरं. 'घर' झालं. थोडा वेळ 'घर' तसंच राहिलं, जणू तो त्याच्याकडे मान वाकडी करून बघतोय. मग एकेक अक्षर मागे गेलं. पुन्हा सुरुवात. 'घोडा'. हा मात्र झटक्यात पुसला, आणि मला त्याचा वैतागलेला चेहरा स्वच्छ दिसला. 'पाणी'. पुसलं. 'घ'. थांबला.

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. इतके महिने ज्या माणसाच्या आत काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं, तो माझ्यासमोर उघडपणे शब्द शोधत होता. शेजारच्या गल्लीत एखाद्याचं घर शोधताना आपण चुकीच्या दारावर टकटक करतो, हे नाही म्हणतो, पुढे जातो, तसा तो जात होता. परत फिरत नव्हता. पुसलेला प्रत्येक शब्द मला दिसत होता आणि प्रत्येक पुसलेल्या शब्दामागे त्याची अक्कल शाबूत होती, कारण चूक आहे हे त्याला कळत होतं. मी आयुष्यात देवळं खूप पाहिली, पण हात आपोआप जोडले जावेत असं मला त्या पडद्यासमोर वाटलं.

आणि माझी खोड! तो कुठला शब्द शोधतोय ते मला ओळखता येत होतं. बोटं शिवशिवत होती. दोन अक्षरं टाकली असती तर त्याची सुटका झाली असती. शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. बायको चहा घेऊन आली, माझा अवतार बघून काहीतरी बोलणार होती, पण तिचं लक्ष पडद्याकडे गेलं आणि ती तशीच कप घेऊन उभी राहिली. चहावर साय धरली तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.

'घड'. राहिला. 'घडाला'. मग पुष्कळ खोडाखोड, मध्येच एक 'चावी', मध्येच एक 'झाड'. उन्हाची तिरीप टेबलावरून खाली उतरली तेव्हा पडद्यावर पुरं वाक्य होतं.

"घडाला देठ नाय."

आणि त्याखाली एक रिकामी ओळ, आणि आणखी एक.

मी पहिल्या पडद्यावर जाऊन बघितलं. खरंच, घड रचताना मी देठच विसरलो होतो. द्राक्षवाल्याच्या नजरेतून देठ कसा सुटेल, ते लोक माल आधी देठावरूनच पारखतात. झटक्यानंतरचं त्याचं पहिलं पुरं वाक्य, आणि त्यात माझी चूक काढलेली! मी मोठ्याने ओरडलो. बायको म्हणाली, "अहो, आधी त्यांना उत्तर द्या, वाट बघतायत." मी लिहिलं, "लावतो रे बाबा." दोनदा एंटर.

त्यानंतर दुपारी घंटी वाजायचीच. कधी एक वाक्य, कधी अर्धं, कधी नुसती खोडाखोड आणि शेवटी दोन एंटर, म्हणजे आज नाय जमत, तू बोल. सुनेने एकदा दारातून बघितलं आणि मला फोन करून विचारलं, की ते दोनदा काय दाबतात. मी सांगितलं. तिने वहिनींना सांगितलं. वहिनी इतकंच म्हणाल्या, "म्हंजे आपणच त्यांची पाळी खात व्हतो." सरावाला जायलाही तो तयार झाला, असं सून म्हणाली. बाकी घरात काय ठरलं ते मी विचारलं नाही.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला तेव्हा मी पुन्हा पिंपळगावला गेलो. शेडमध्ये पेट्या चढवणं चालू होतं, दारात टेम्पो उभा होता. तो आत टेबलापाशी बसला होता. मला बघून त्याने समोरची खुर्ची दाखवली. वहिनी आणि सून काम टाकून जवळ आल्या.

त्याने तोंड उघडलं. "ल…" म्हणाला आणि अडकला.

वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. सुनेची नजर जमिनीवर. माझे हात सवयीने मांडीखाली गेले. बाहेर कुणीतरी पेटी आपटली, टेम्पो सुरू होऊन निघून गेला, आणि आम्ही तिघं तसेच.

"लय…" तो म्हणाला. ओठ हलले, परत मिटले, परत हलले. "थांबला… तू."

मग डाव्या हाताचं बोट उचलून त्याने टेबलावर दोनदा टकटक केलं.

मी बोलायला गेलो. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी केलेला माणूस मी, पण माझं स्वतःचं वाक्य पहिल्याच अक्षरावर अडकलं. वहिनी माझ्या मदतीला काहीतरी म्हणणार होत्या. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

पाळी माझी होती. तो खुर्चीला टेकला आणि माझी वाट बघत बसला.